मार्थाबाई आणि त्यांची मागती पोरं

मार्थाबाईंनी मला फसवलं. आडून बोलायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. औशात लातूर रस्त्यावर महालिंगअप्पा भांडेवाल्याचं दुकान कुणालाही विचारा, दाखवतील. तो महालिंगअप्पा मी. डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजार केले, मग सायकल घेतली, मग दुकान थाटलं. वाटेत फसवायला टपलेले पुष्कळ भेटले, एकाचीही डाळ शिजली नाही. आणि रिटायर झालेल्या एका मेट्रनबाईनं माझ्याच दुकानात, माझ्याच गादीच्या कोपऱ्यावर बसून मला भरदुपारी फसवलं. कसं फसवलं ते कळायलाच फार वेळ लागला, आणि कळल्यावर डोकं जास्तच फिरलं. सगळा उलगडा अजून झालेला नाही. लिहून बघतो.

बाईंची एक खोड आधी सांगितली पाहिजे. कुणाच्याही उंबऱ्यात पाय ठेवला की बाई काहीतरी मागायच्या. आपल्याकडं "बसा" म्हटलं की माणूस बसतो, "कसं काय" विचारतो, मग कामाचं बोलतो. बाई बसायच्या आधी मागायच्या. शिंप्याकडं एक गुंडी. किराणावाल्याकडं चिमूटभर हिंग. पोस्टमन दिसला तर सुतळीचा तुकडा. तहसिलीत गेल्या तेव्हा साहेबाच्या टेबलावरची टाचणी मागून आणली म्हणे. बरं, नड असावी तर तसंही नाही. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात सगळी नोकरी झालेली, थोडीफार पेन्शन येत होती. पांढरं स्वच्छ लुगडं, पायात चपला, हातात लांब दांड्याची काळी छत्री. ती छत्री त्या बारा महिने उघडी धरायच्या. उन्हात तर धरायच्याच, ढग आले तरी धरायच्या, माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली आल्या तरी मिटायच्या नाहीत. वर टांगलेल्या कढया वाजायच्या आणि मी ओरडायचो.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "सलाम, अप्पा. एक झाकण द्या."

"कुठल्या भांड्याचं?"

"भांडं नको. नुसतं झाकण. एकटं पडलेलं असंल की एखादं."

भांड्याच्या दुकानात अशी झाकणं असतातच. भांडं कुणीतरी घेऊन जातं, झाकण मागं राहतं. मी वैतागून एक पितळी झाकण काढून दिलं, काठाला पोचा आलेलं. बाईंनी ते बोटाच्या पेरानं वाजवलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "खरं बोलतंय. कबूल." आणि छत्री सावरत चालत्या झाल्या. भांड्याशिवाय नुसतं झाकण घेऊन ही बाई करणार काय, याचा विचार मी रात्री जेवताना केला, अंथरुणावर पडून केला. उत्तर सापडलं नाही.

"कबूल" हा बाईंचा शब्द. वाक्य संपलं की कबूल. समोरच्यानं काही कबूल केलेलं असो वा नसो. "उद्या येते, कबूल?" "ऊन लई हाय, कबूल?" आता उन्हाला मी काय कबूल करणार?

तो काळच गोंधळाचा होता. आम्ही रात्री उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी लातूर जिल्ह्यात उठलो. जिल्हा नवा झाला याचा आनंद म्हणून पेढे वाटले, पण माझा जागेचा अर्ज उस्मानाबादेत होता. तिकडं गेलो तर म्हणाले, कागद लातूरला गेले. लातूरला गेलो तर म्हणाले, अजून आले नाहीत. म्हणजे माझा कागद रस्त्यात कुठंतरी, कुठल्याच जिल्ह्यात नाही. थोरल्यानं तेवढ्यात लातूरला दुकान टाकलं, बायकापोरांना घेऊन तिकडंच गेला. जिल्ह्याच्या गावी धंदा वाढतो म्हणाला. मी म्हणालो, जा. त्याची आई असती तर तीही गेली असती. ती आधीच वर गेली होती. मी दुकानात राहिलो. दुपारचा डबा खानावळीतून यायचा, आणि गिऱ्हाइकाशी भांडायला माणूस एकटा पुरतो.

त्यात दुष्काळ. विहिरींचे तळ दिसायला लागले, नळ नुसता हवा सोडायचा. टँकर फाट्यावर येऊन उभा राहायचा आणि माणसांच्या आधी घागरी रांगेत लागायच्या. माझा धंदा मात्र वाढला. पाणी नाही म्हणून लोक भांडी घेत होते. याचाही मला कधी उलगडा झाला नाही, पण गिऱ्हाईक परत पाठवणारा मी नव्हे.

असल्या दिवसांत एका दुपारी बाई पुन्हा आल्या. तोंड लाल झालेलं, उन्हानं नव्हे, रागानं. आल्या आल्या म्हणाल्या, "पाणी द्या आधी."

मी तांब्या दिला. प्यायल्या आणि सुरू झाल्या.

त्यांच्या मंडळीला, म्हणजे मिशनच्या देवळातल्या ख्रिस्ती लोकांना, नवे पाळकसाहेब आले होते. तरुण, हुशार, लातूरला राहायचे, रविवारी उपासनेला मोटारसायकलवर औशाला यायचे. मंडळीतल्या पुष्कळ म्हाताऱ्यांची पोरं पोटासाठी बाहेर गेलेली. म्हातारी माणसं मागं एकेकटी. साहेबांनी जाहीर केलं, ज्याला टँकरवरून आपलं पाणी आणता येत नाही, त्याला मिशनच्या वृद्धाश्रमात पाठवू. आश्रम लांब, एस.टी.नं दिवसभराची वाट. तिथं विहिरीला पाणी आहे, दोन वेळचं जेवण आहे, डॉक्टर येतो.

"मग वाईट काय त्यात?" मी म्हणालो. "माणूस शहाणा दिसतोय."

"शहाणाच हाय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर भ्या वाटतंय. रूथबाईला नेली मागल्या महिन्यात. हिथं रोज शेजारणीशी भांडायची. तिथं म्हणे बोलतच न्हाई कुणाशी. खाती, झोपती. अप्पा, माणसाला आपलं दार पायजे का न्हाई? दारात बसून कुणाला तरी नावं ठेवायला पायजेत का न्हाई?"

हे मात्र मला पटलं.

बाईंनी साहेबांशी सौदा केला होता. जोवर प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरात पाणी पोचतंय, तोवर कुणाला एस.टी.त बसवायचं नाही. पाणी पोचवायचं कुणी? तर संडेस्कूलच्या पोरांनी. बाई त्यांच्या मास्तरीण. उपासना सुटली की पोरं जोडीजोडीनं निघणार, टँकरवरून पाणी घेऊन ठरलेल्या घरी जाणार. अधल्यामधल्या दिवशी शाळा सुटल्यावर एक खेप. याला बाई फेरी म्हणायच्या. आता पोरांना घागर उचलत नाही, म्हणून त्यांना बिंदग्या हव्या होत्या. बिंदगी म्हणजे पोरीच्या कमरेवर बसेल एवढी लहान घागर. 

"पण नुसतं पाणी घालून यायचं न्हाई," बाई म्हणाल्या. "पोरांनी तिथं काहीतरी मागायचं. मागितल्याबिगर उठायचं न्हाई."

"काय मागायचं?"

"कायबी. गुंडी लावून मागायची. गोष्ट मागायची. मिठाचा खडा मागायचा."

"बाई, ही सेवा झाली का जप्ती?"

"अप्पा, म्हाताऱ्या माणसाला द्यायला कुणीबी येतंय. नाताळला केळी देतेत, फोटो काढतेत, जातेत. मागायला कोण येतंय सांगा? ज्याच्याकडं कुणी कायच मागंना, त्यानं सकाळी उठायचं कशाला?"

मी डोकं खाजवलं. माझ्याकडं दिवसभर लोक मागायलाच यायचे, भाव कमी करून मागायचे, आणि मला त्यांचा संताप यायचा. त्यात सुख असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग बिंदग्यांचा भाव निघाला. मी कंबर कसून बसलो. देवधर्माचं नाव काढतील, मिशनचं नाव काढतील, रडतील, सगळ्याला तयार होतो. बाईंनी एकेक बिंदगी वाजवली, एक बाजूला सारली, "ही खोटं बोलती," म्हणाल्या. तिला खरंच बारीक चीर होती. आणि मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तो भाव. कबूल."

मी गारच पडलो. इतक्या वर्षांत पहिला भाव कुणी कबूल केला नव्हता. पहिला भाव हा कबूल करायचा भाव नसतोच मुळी.

"फकस्त एक मागती," बाई म्हणाल्या. "सारं औसं म्हणतंय, अप्पासारखी घासाघीस कुणाला जमत न्हाई. ती विद्या माझ्या पोरांना शिकवा. दर रविवारी, फेरी झाल्यावर. आमची म्हातारी लई मानी हायेत. पाणी नको म्हणतेत, हाकलून देतेत. पोरांना भाव करता आला पायजे. कबूल?"

माझा भाव मिळाला होता आणि वर गुरूचा मान. दोन्हीकडून मीच जिंकलो होतो. मी म्हणालो, "कबूल."

फसवणूक तिथं झाली. पण त्या दिवशी मी खुशीत इतका होतो की संध्याकाळी खानावळवाल्याला भाजी बेचव असूनही काही बोललो नाही.

पुढल्या रविवारी पोरं आली. शलोमी नावाची एक पोर, नाकाच्या शेंड्यावर राग, वेण्या घट्ट बांधलेली, तोंडानं फटकळ. तिचा जोडीदार दानिएल, ज्याला सगळे दान्या म्हणायचे. तो सारखा कुठल्या ना कुठल्या भांड्यात तोंड घालून आवाज काढायचा. आणखी एकदोन जोड्या. मी त्यांना रांगेत बसवलं आणि जन्माची कमाई सांगायला लागलो. हवी ती वस्तू कधी हातात धरायची नाही, शेजारची धरायची. भाव पटला नाही तर उठायचं, पण पायरी उतरायची नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: भाव ऐकून जो गप्प बसला तो गेला. बोलत राहा. मान हलवा, खोका, काहीही करा, गप्प बसू नका.

"का?" शलोमीनं विचारलं.

"गप्प बसला म्हणजे त्याला ती वस्तू पाहिजे आहे, हे कळतं."

"मग पाहिजे तर पाहिजे म्हणावं की."

"म्हणून तर तू पोर आहेस आणि मी अप्पा," मी म्हणालो.

माझ्या गळ्यातल्या करंडकाकडं, म्हणजे लिंगाच्या डबीकडं, बोट दाखवून दान्यानं विचारलं, "हे काय हाय?" मी सांगितलं, यात आमचा शिव आहे, तो अंगावरून उतरवत नाही. दान्या विचारात पडला. "म्हंजे तुमचा देव रोज दुकानात बसतो?" "बसतो." "मग त्येच्यासमोर खोटा भाव सांगता?" सगळी पोरं फिदीफिदी हसली. मी दान्याला हाकलून दिला. तो पायरीपर्यंत गेला आणि उतरला नाही. विद्या पटकन लागू झाली होती.

ही विद्या चालते का ते पाहायला मी एकदा त्यांच्यामागं गेलो. किल्ल्याच्या अंगाला याकोबबाबा राहायचा, मिशनचा जुना सुतार, कमरेत वाकलेला, आवाज मात्र करवतीसारखा. बिंदगी दिसली की तो ओरडला, "मी पांगळा हाय का? न्या ते परत!"

शलोमी बिंदगीकडं बघेचना. कोपऱ्यातल्या रंध्याकडं बघून म्हणाली, "बाबा, पाणी न्हाई देत. गाणं म्हणतो एक."

"गाणं नको."

"दोन कडवी."

"एक."

"एक आणि ध्रुवपद."

"ध्रुवपद एकदाच!"

"कबूल. पण गाऊन घसा सुकंल, पाणी प्यायला लागंल. आमचं पाणी हितंच ठिवतो."

म्हातारा गप्प बसला. मी दाराबाहेर उभा राहून मांडीवर थाप मारली. गेला! पोरांनी एक कडवं म्हटलं, मग दान्यानं मोडका भोवरा पुढं करून म्हटलं, "बाबा, ह्येला आर बसवून पायजे." याकोबबाबानं शिव्या देत देत तो घेतला, "ह्ये काय लाकूड हाय? कुठल्या गाढवानं तासलंय?" आणि उजेडाकडं सरकून बसला. पोरं निघाली तेव्हा त्यानं विचारलं, "पुढल्या रविवारी किती वाजता येणार? मला कामं हायेत, सांगून ठिवतो."

परत येताना मी शलोमीला म्हणालो, "बघितलंस माझ्या विद्येचा गुण?" ती म्हणाली, "हाव, अप्पा," आणि दान्याकडं बघून तोंड दाबलं. मला वाटलं, आदरानं दाबलं.

असा उन्हाळा चालला होता. माझंही एक वळण पडून गेलं. रविवारी मी दुपारच्या आत पायरी धुऊन, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचो, कारण दुकान स्वच्छ असलेलं बरं. फुटाणे आणि गूळ आणून ठेवायचो, कारण भाव करायला शिकवायचं तर काहीतरी माल लागतो. शलोमी गुळाच्या खड्यासाठी माझ्याशी भांडायची आणि मी मुद्दाम हरायचो नाही. थोरल्याचा निरोप आला होता, रविवारी लातूरला या, नातवंडं वाट बघतात. मी कळवलं, रविवारी मला शाळा असते.

बाई त्या दिवसांत दुकानाकडं फिरकायच्या नाहीत. एकदाच रस्त्यानं जाताना दिसल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि बाईंची छत्री मिटलेली. दांडा जमिनीवर टेकवत, थांबत थांबत चालल्या होत्या. मी ओरडलो, "बाई, सावलीत छत्री उघडता आणि उन्हात मिटता, हा कुठला न्याय?" त्या म्हणाल्या, "अप्पा, ऊन लई ग्वाड लागून राहिलंय, कबूल?" आणि गेल्या. म्हटलं, वयानं डोक्यावर परिणाम झाला.

मग तो रविवार आला. एक लग्नाचं गिऱ्हाईक बसलं होतं, जळकोटकडचं, सगळा संसार घेणारं. अशा वेळी मला मधे माशी चालत नाही. पोरं आली तेव्हा मी म्हणालो, "आज जा. आज शाळा नाही."

पोरं हलली नाहीत.

"जा म्हणतो ना!"

"जाता येत न्हाई," शलोमी म्हणाली. "बाईंनी सांगितलंय. म्हातारं माणूस जा म्हणलं की बसायचं."

"कोण म्हातारं?"

दान्यानं तोंड कळशीत घातलेलं होतं, तिथूनच तो बोलला आणि आवाज सगळ्या दुकानात घुमला. "फेरीत याकोबबाबा आमचे पयले. तुम्ही शेवटचे."

शलोमीनं त्याला कोपर मारलं. उशीर झाला होता.

मला आधी काही समजलंच नाही. मी पाळकांच्या मंडळीतला नाही. माझ्या घरात पाणी आहे, गडी लावून भरून घेतो. मग माझ्यासमोर ते सगळं एकापाठोपाठ उभं राहिलं. पाणी नको असलेल्याकडून काहीतरी मागायचं. मागितल्याबिगर उठायचं नाही. माझ्याकडं विद्या मागितली होती. म्हणजे याकोबबाबाचा भोवरा आणि माझी घासाघीस एकाच पोत्यातला माल! मी त्यांना शिकवत नव्हतो. ती पोरं माझी सेवा करत होती!

मी लग्नाच्या गिऱ्हाइकाला उठवलं. हो, उठवलं. दुकानाला कुलूप घातलं आणि निघालो. रविवारी दुपारी माझ्या दुकानाला कुलूप बघून समोरचा पानवाला रस्ता ओलांडून विचारायला आला, कोण गेलं म्हणून.

बाईंची खोली मिशनच्या देवळाच्या मागच्या अंगाला. मी कधी गेलो नव्हतो. दार सताड उघडं होतं, बाई भिंतीला टेकून चटईवर बसलेल्या. मी उंबऱ्यातच सुरू झालो.

"मी म्हातारा? मी एकटा? कुणी सांगितलं तुम्हाला? माझी पोरं जिवंत आहेत! माझं दुकान चालतं!"

"या, अप्पा," बाई म्हणाल्या. उठल्या नाहीत. एरवी पोस्टमन आला तरी उठणारी बाई. मला ते जास्तच लागलं.

"मी लिंगायत माणूस. माझा देव माझ्या गळ्यात आहे. तुमच्या देवळाच्या फेरीत मला घातलं कुणी?"

"देव गळ्यात असू द्या की. मी काय काढा म्हणले? प्रभूनं सांगितलं, म्हाताऱ्यांकडं जा. कुठल्या म्हाताऱ्यांकडं ते सांगितलं न्हाई."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही हाव म्हणला असता?"

मी अजून पुष्कळ बोललो. काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बाई ऐकत होत्या. खोलीभर फळ्यांवर डबे होते, बरण्या होत्या, आणि सगळ्यांत ते मागितलेलं: गुंड्या, टाचण्या, सुतळ्या, हिंगाच्या पुड्या, मेणबत्तीचे तुकडे. काहीच वापरलेलं नव्हतं. औशातल्या प्रत्येक दारातून काहीतरी होतं.

बोलून बोलून माझ्या घशाला कोरड पडली. कोपऱ्यात बिंदगी होती, वर झाकण. झाकण मी लगेच ओळखलं, काठाला पोचा आलेलं, माझंच. मी तांब्या उचलून तिकडं गेलो.

"अप्पा, बसा, मी देती," बाई घाईनं म्हणाल्या आणि उठायला गेल्या. उठता आलं नाही. छत्रीचा दांडा धरला, गुडघा टेकवला, पुन्हा खाली बसल्या. लुगड्याच्या काठाखाली गुडघा दिसला, भोपळ्यासारखा सुजलेला.

तेवढ्यात मी झाकण उचललं होतं. बिंदगी कोरडी ठणठणीत. तळाला पाण्याचा डाग तेवढा होता, तोही जुना.

मी झाकण परत ठेवलं. हळूच ठेवलं, तरी ते वाजलं.

"पोरं आली की झाकलेली दिसती," बाई म्हणाल्या. "भरलेली हाय असं वाटतंय त्यांना. शेजारीण रातच्याला एक तांब्या देती. भागतंय माझं."

"सगळ्या गावाला पाणी पाठवता आणि..."

"मग काय करू? मला चालता येईना ठाऊक झालं तर साहेब पयला मलाच एस.टी.त बसवतील. लई भला माणूस हाय, स्वतः तिकीट काढून देईल. मग फेरी कोण काढील? याकोबबाबाचं काय? फेरीतल्या सोनाबाईचं काय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचं काय?"

माझं काय, हे विचारायचा अधिकार या बाईला कुणी दिला, असं विचारायचं माझ्या मनात होतं.

"एक सौदा करा," बाई म्हणाल्या. "तुम्ही ह्ये पाळकसाहेबाला तोंडानं सांगायचं न्हाई. पोरं तुमच्याकडं येत राहतील. कबूल?"

आता मी म्हणायला हवं होतं, मला गरज नाही पोरांची. मान हलवायला हवी होती. निदान खोकायला हवं होतं. मी उभा होतो, हातात रिकामा तांब्या होता, आणि बाहेर कुठंतरी दान्या कुठल्या तरी भांड्यात तोंड घालून ओरडत होता. बराच वेळ गेला.

"गेला," बाई म्हणाल्या. माझीच विद्या, शलोमीनं पोचवलेली.

मी चिडून म्हणालो, "बाई, मला काहीतरी पाहिजे."

त्यांनी चमकून बघितलं. एवढ्या वर्षांत ते वाक्य त्यांनीच सगळ्यांना ऐकवलं होतं. त्यांना कुणी ऐकवलेलं नसावं. तोंडावरचा सगळा मेट्रनपणा उतरला. "मला?" म्हणाल्या. "माझ्याकडं काय हाय?"

"पहिला भाव कबूल करून समोरच्याला कसं लुटायचं ते मला येत नाही. ते शिकवा. दर रविवारी येतो."

बाईंनी पदर डोळ्यांना नाही लावला. त्यांनी बोटाच्या पेरानं चटईशेजारची फरशी वाजवली, बसा म्हणून. मी बसलो नाही. बिंदगी उचलली आणि फाट्याकडं निघालो.

टँकरला बायकांची रांग होती. महालिंगअप्पा कमरेवर बिंदगी घेऊन उभा आहे हे बघून सगळी रांग मागं वळली. एकीनं विचारलंच, "अप्पा, काय करून राहिलात?" मी म्हणालो, "बिंदगी गळते का बघून राहिलो." "पाणी भरून?" "मग काय वारा भरून बघतात?"

तेव्हापासून मी ती बिंदगी तपासतो आहे. रोज संध्याकाळी एकदा, आणि रविवारी फेरी सुटल्यावर. ती गळत नाही, पण धंद्यात माणसानं खात्री करून घेतलेली बरी. बाई शिकवतात. मला अजून जमत नाही. पहिला भाव कबूल करायचा म्हटलं की जीभ उचलत नाही. बाई म्हणतात, "तुमचं डोकं लई घट्ट हाय, अप्पा," आणि त्यांना ते फार आवडलेलं दिसतं.

पण माझा राग गेलेला नाही. मला फसवलं त्याचं मी आणि बाई बघून घेऊ, तो आमचा आपसातला व्यवहार आहे. हे लिहिलं म्हणून बाई माझ्यावर तुटून पडतील, तेही बघून घेईन. तोंडानं सांगायचं नाही असं ठरलं होतं. तोंडानं मी एक अक्षर बोललेलो नाही.

मला विचारायचंय ते पाळकसाहेबांना आणि देवळाच्या पंचांना. बाईंना एस.टी.त बसवायची गोष्ट काढू नका, तो भाव माझ्याकडं चालणार नाही. त्यांना फेरीत घाला, आणि पोरांना सांगा, जाऊन काहीतरी मागा. ती त्यांच्याच मास्तरणीची शिकवण आहे. पण ते नंतर. आधी मला एवढं सांगा. तुमच्या पोरांना सगळ्या औशातून एक तापट लिंगायत भांडेवाला सापडला, आणि तुम्हा मोठ्या माणसांना दर रविवारी तुमच्याच पायरीवर भर उन्हात मिटलेली छत्री दिसली नाही? गुंड्या दिल्यात, टाचण्या दिल्यात, हिंग दिलात. ही बाई दारोदार जाऊन का मागते, आणि तिच्या दारात मागायला कोण जातं, हे एकानंही विचारलं नाही? जो कुणी याला जबाबदार असेल त्यानं माझ्या दुकानात यावं. रविवारीसुद्धा दुकान उघडं असतं. दुपारी थोडा वेळ मी नसतो, तेवढा वेळ सोडून या, आणि येताना उत्तर घेऊन या.